जावयाचा देश, सुनेचा देश

मिल्टन कीन्स,
२७ फेब्रुवारी २००६

ती. शशीवन्संना,
विजयी नमस्कार.

काल दुपारी तुम्ही फोन मधेच ठेवलात, म्हणून हे पत्र. पत्र मधेच ठेवता येत नाही, ते शेवटपर्यंत वाचावं लागतं. तेव्हा चष्मा लावून शांतपणे वाचा. ऑलिम्पिक, आइस हॉकी, पुरुषांची फायनल : स्वीडन तीन, फिनलंड दोन.

मी फक्त अभिनंदन करायला फोन केला होता. "रौप्यपदकसुद्धा काही कमी नसतं हो," एवढंच म्हटलं. त्यात तुम्हाला काय टोचलं मला अजून कळलेलं नाही. हे म्हणतात, "तू 'सुद्धा'वर जोर दिलास." असेल दिला. सख्ख्या बहिणीची बाजू घ्यायची तर ह्यांना व्याकरणसुद्धा आठवतं.

आमच्याकडे काल नुसती दिवाळी होती. मी सकाळपासून स्वीडनची निळी-पिवळी जर्सी घालून, छातीवर त्यांचे तीन मुकुट. जेवायला मुगाची खिचडी आणि केशरी शिरा, म्हणजे पिवळं झालं. निळं असं आपल्यात काही खात नाहीत, म्हणून निळ्या प्लेट्स काढल्या. नात सिया गालांवर झेंडे रंगवून बसली होती. आणि जावयांचा आनंद तर विचारूच नका! मॅग्नस एरवी कसे शांत, पण तिसऱ्या गोलला असे ओरडले की काय सांगू. बारा वर्षं स्वीडिश जावई असला की बर्फ अंगात भिनतो हो. ऑफसाइड म्हणजे काय ते मी आता कुणालाही समजावून सांगेन.

तुमच्या सुनेला, काइसाला म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस. लहान देशांनी भाग घेणंच महत्त्वाचं.

आपली,
अरुणा


एडिनबरा,
४ मार्च २००६

चि. सौ. अरुणास,
आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे कमी.

फोन मी ठेवला नाही. दूध उतू जात होतं.

पस्तीस वर्षं युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काढल्यामुळे मला गोष्टी नोंदीप्रमाणे लागतात, म्हणून काही नोंदी. फायनलपर्यंत फिनलंड सातच्या सात मॅचेस जिंकलं होतं. तुमचा स्वीडन त्याच स्पर्धेत रशियाकडून पाच-शून्य मार खाऊन आला होता. दोन-दोन बरोबरी असताना शेवटचा डाव सुरू झाला आणि पहिल्याच झटापटीत आमच्या कप्तानाच्या हातातली काठी मोडली. दहा सेकंदांत तुमचा गोल. निःशस्त्र माणसावर मिळवलेल्या विजयाला आपल्याकडे काय म्हणतात ते तुला मी सांगायला नको.

आणि "लहान देश" म्हणालीस म्हणून सांगते. तुझ्या जावयाच्या लोकांनी माझ्या सुनेच्या लोकांवर सहाशे वर्षं राज्य केलं. राज्यकर्त्यांची बाजू घ्यायची सवय आपल्या घरात कुणालाच नव्हती. आबांनी बेचाळीस साली तुरुंगात चार महिने काढले.

काइसा दिवसभर हॉस्पिटलात लोकांना भूल देते, तिचं मन घट्ट आहे. पण मॅच संपली तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी होतं. एकाच डोळ्यात. फिनिश माणसाच्या मानाने तो हंबरडाच.

असो. यंदा पाडवा गुरुवारी येतोय. आम्ही तिघं, मी, यशोधन आणि काइसा, शनिवारी एक एप्रिलला तुमच्याकडे येतो. यशोधनने मॅचची टेप करून ठेवली आहे. मॅग्नसला समोर बसवून पुन्हा बघू. ती काठी कशी मोडली ते त्याच्या तोंडून मला ऐकायचं आहे.

शशी

ता. क. : भालूला सांग, भाऊ शोभतोस माझा. 'सुद्धा'वर जोर होता.


मिल्टन कीन्स,
९ मार्च २००६

ती. वन्संना,
नमस्कार.

तुम्ही येणार म्हणून खूप आनंद झाला, पण नेमका आमचा बॉयलर बिघडलाय. घरात गारठा आहे. माणूस येतो, बघतो, मान हलवतो, जातो. शिवाय मॅग्नस ऑफिसच्या कामासाठी स्टॉकहोमला गेलेत, कधी येतील सांगता येत नाही. ते नसताना मॅच बघण्यात काय गंमत? आपण उन्हाळ्यात ठरवू.

बाकी काठीचं म्हणाल, तर काठी ज्याची त्याने सांभाळायची असते. आणि इतिहासच काढायचा तर नोबेल कुणाचा? आमचा. सीटबेल्टचा तो तीन टोकांचा पट्टा कुणी काढला? आम्ही. तुम्ही वापरता ते पुस्तकांचं कपाट कुठून आलं? तुम्हीच ते आमच्या स्वीडिश दुकानातून उचलून नेलंत. फिनलंडने जगाला काय दिलं? एक मोबाइल, आणि एक खोली जिच्यात बसून घाम गाळायचा. घाम गाळायला आमच्या आईकडे नागपुरात पैसे पडत नव्हते.

आबांचा तुरुंग मधे आणायला नको होता. त्यांची मुलगी आणि मुलगा दोघंही ब्रिटिश पासपोर्ट घेऊन बसलेत, आणि ब्रिटन तर ह्या स्पर्धेत नव्हतंच. भारताचं म्हणाल तर आपल्याकडे बर्फ गोळ्यापुरता. मग माणसाने टाळ्या वाजवायच्या तरी कुणासाठी?

अरुणा


एडिनबरा,
१३ मार्च २००६

चि. सौ. अरुणास,

बॉयलरची भीती एडिनबराच्या माणसाला दाखवू नये. आम्ही घरात कोट घालून जेवतो.

गाडीची तिकिटं काढली आहेत. तू "उन्हाळ्यात ठरवू" म्हणालीस, ते मी वाचलंच नाही असं समज. छत्तीस वर्षांत मला भावाच्या घरी येऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं. तीन विरुद्ध दोन हा आकडा डोक्यात गेला की माणसं काय काय बोलतात, नाही का?

मॅग्नसचा स्टॉकहोमचा नंबर पाठव. काइसा त्याला फोन करून रीतसर अभिनंदन करेल. हरलेल्याने तसं करायचं असतं. जिंकलेल्याने काय करायचं असतं हे तुम्हा स्वीडिश लोकांना कुणी शिकवलेलं दिसत नाही.

शशी


एडिनबरा,
१८ मार्च २००६

प्रिय अरुणा,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर यायच्या आत लिहिते आहे. एक तारखेला आम्ही येत नाही. काइसाला ड्यूटी लागली. तिकिटं परत केली, तू काळजी करू नकोस.

काल ती टेप पुन्हा बघितली. खरं सांगायचं तर तुमचा तो तिसरा गोल नितांत सुंदर होता. काठी मोडली नसती तरी झालाच असता. स्वीडन योग्यच जिंकलं. मी तुला उगीच बोलले.

तुझ्या लेकीला, नीनाला, आणि तिच्या सियाला पोटभर आशीर्वाद. नीनाला म्हणावं, वाटेल तेव्हा एडिनबराला ये, आधी कळवायचीही गरज नाही. तुझं गुडघ्याचं कसं आहे?

तुझी,
शशीवन्सं


मिल्टन कीन्स,
२२ मार्च २००६

ती. वन्संना,

तुमचं पत्र वाचलं आणि तशीच जिन्याच्या पायरीवर बसले. तुम्ही स्वीडनचं कौतुक केलंत तेव्हाच मला कळलं, की तुम्हाला कळलंय.

काइसाने सांगितलं ना? नीना नाताळापासून तिच्याशी फोनवर बोलते, हे मला कालच समजलं. तीन महिने पोटात ठेवलं त्या मुलीने. मी माझ्या मुलीला सांगितलं होतं, एडिनबरात कुणालाही कळता कामा नये. तिला वाटलं, काइसा म्हणजे कुणी नव्हे. म्हणजे कुणी परकी नव्हे.

मग आता सगळंच लिहिते. मॅग्नस नऊ ऑक्टोबरला घर सोडून गेले. दुसरी बाई वगैरे काही नाही, असती तर मला निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. दोघं वर्षभर एकमेकांशी बोलेनासे झाले होते. आता ते मेडनहेडला फ्लॅट घेऊन राहतात. स्टॉकहोम नाही की काही नाही, इथून तासाभराच्या अंतरावर. नीना आणि सिया आमच्याकडे आहेत. बॉयलर उत्तम चालतो.

फायनलच्या दिवशी तुम्हाला जे लिहिलं त्यात खिचडी, शिरा आणि निळ्या प्लेट्स खऱ्या. नीना वरच्या खोलीत दार लावून होती. खाली मी, हे आणि सिया. तिसरा गोल झाला तेव्हा ओरडले ते हे, चुकून फिनलंडचा झाला समजून. मग मला हळूच विचारतात, "अगं, आता आपण नक्की कुणाच्या बाजूचे?" मी म्हटलं, गप्प बसा, पोर ऐकतेय.

मॅच संपल्यावर मॅग्नसचा फोन आला, सियासाठी. ती स्वीडिशमध्ये किती तरी वेळ बोलत होती, हसत होती. मी शेजारी जर्सी घालून उभी. एक शब्द कळत नव्हता. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "आजी, तू का रडते? आपण जिंकला ना?" त्यानंतर मी तुम्हाला फोन लावला. "सुद्धा"वर जोर दिला असेन.

आता तुम्ही विचाराल, एवढं लपवलं का? वन्सं, नीनाच्या लग्नात हॉलच्या किचनमध्ये तुम्ही श्रीखंड वाढता वाढता तुमच्या मैत्रिणीला, सुनीतीला म्हणालात, "गोऱ्यांच्या लग्नाला वॉरंटी असते, गॅरंटी नसते." मी दाराआड होते. बारा वर्षं त्या वाक्याशी भांडतेय. स्वीडनचा झेंडा, स्वीडनची हॉकी, स्वीडनचे मीटबॉल, शाकाहारी करून. सगळं त्यासाठी. आणि शेवटी वाक्य जिंकलं.

एक मेहेरबानी करा. गोड पत्रं लिहू नका. माझ्याशी भांडा. तुम्ही गोड बोललात की घरात कुणी गेल्यासारखं वाटतं.

अरुणा


एडिनबरा,
२६ मार्च २००६

अरुणा,

भांड म्हणालीस म्हणून भांडते. मूर्ख आहेस. पाच महिने एकटीने हे ओझं वाहिलंस, आणि कुणाच्या भीतीने, तर माझ्या.

ते वाक्य मी बोलले होते. नाकारत नाही. सुनीती हसली, मला बरं वाटलं. लायब्ररीत कुणी माझ्या बोलण्यावर हसत नसे. पुढे सहा वर्षांनी यशोधनने काइसाला आणून समोर उभं केलं आणि मला पहिलं आठवलं ते तेच वाक्य. तू विसरली असशील अशी आशा केली. पण मनात एक बसलं, की माझी गोरी तुझ्या गोऱ्याहून सरस ठरली पाहिजे. म्हणजे मी चुकले नव्हते, फक्त देश चुकला होता. फिनलंडची लोकसंख्या, शाळा, सरोवरं सगळं मी पाठ केलं ते त्यासाठी. प्रेमासाठी नाही.

आता माझ्याही नोंदी दुरुस्त करते. फायनलच्या वेळी काइसा झोपली होती. शनिवारची पूर्ण रात्र ड्यूटी करून आली होती. मी एकटीच झेंडा घेऊन टीव्हीपुढे. चार वाजता ती उठून आली, मी म्हटलं, "आपण हरलो." ती म्हणाली, "काय हरलो?" डोळ्यात पाणी होतं ते कांद्याचं. तिला हॉकी आवडतच नाही. लहानपणी भावांनी तिला गोलात उभं करून दात पाडला होता.

तेरा तारखेचं पत्र टाकल्यावर मी तिला म्हटलं, मॅग्नसला फोन कर. तेव्हा तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, तो तिथे राहत नाही." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तुम्ही जिंकला असता."

अरुणा, असं माझ्या सुनेला माझ्याबद्दल वाटतं. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

मला माफ कर असं लिहिणं सोपं आहे, म्हणून ते लिहीत नाही. तिकिटं परत केली म्हणाले होते, तीही थाप होती. शनिवारी येतोय. टेप आणत नाही.

शशी


मिल्टन कीन्स,
२३ मे २००६

ती. वन्संना,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही एप्रिलमध्ये येऊन गेलात आणि नीना जेवायला खाली येऊ लागली, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही तिच्या खोलीत जाऊन दोन तास काय बोललात ते ती सांगत नाही. काइसाने मात्र दारात पाऊल टाकल्या टाकल्या बॉयलरला हात लावून पाहिला. ह्यांची हसून हसून पुरेवाट.

रविवारी स्वीडनने वर्ल्ड चॅम्पियनशिपही जिंकली, चेक लोकांना चार-शून्य. एकाच वर्षात दोन्ही. मी तुम्हाला फोन केला नाही, कारण मला कळेना, की मी कोण म्हणून करू? जावई गेला की त्याचा देश परत द्यावा लागतो का हो? साड्या, भांडी परत करतात हे माहीत आहे. मी ती जर्सी धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवली आहे. फिनलंडला ब्राँझ मिळालं, शिवाय आदल्या रात्री तुमच्या त्या राक्षसांचे मुखवटे घातलेल्या गायकांनी युरोव्हिजनची गाण्यांची स्पर्धाही मारली. तुमची बाजू एकंदर बरी आहे.

मॅग्नस सियाला न्यायला आले होते. मी चहा केला. "आई" म्हणाले. मी "अहो" म्हणायचं की नाही ह्या विचारात शंकरपाळ्यांचा डबा पुढे सरकवला. त्यांनी अर्धा संपवला.

जाताना सियाने जाहीर केलं, की तिला इथल्या बर्फाच्या रिंकवर दहा वर्षांखालच्या हॉकी टीममध्ये खेळायचंय. गोलकीपर म्हणून. दाताची गोष्ट तिला सांगा कुणीतरी.

अरुणा


मिल्टन कीन्स,
९ ऑक्टोबर २००६

ती. वन्संना,

काल सियाची पहिली मॅच झाली, पीटरबरोच्या मुलांशी. ह्याच दिवसांत गेल्या वर्षी घरात काय चाललं होतं ते आठवून मी जायला नको म्हणत होते. गेले ते बरं झालं. पण माझं डोकं अजून ठिकाणावर नाही.

अकरा-शून्य हरलो. अकरा! ती पीटरबरोची पोरं दहा वर्षांच्या आतली आहेत यावर माझा मुळीच विश्वास नाही. एकाला तर मिशी फुटायच्या बेतात होती. माझ्या शेजारी त्यांची एक आजी बसली होती, लाल कोटातली. प्रत्येक गोलनंतर मला पेपरमिंटची गोळी द्यायची. "चिअर अप, लव्ह." सातवी गोळी मी घेतली नाही. आठव्या गोलला तिला मराठीत काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. तुमच्या भावाने ऐकलं आणि दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसले.

शेवटी शेवटी तो मिशीवाला एकटाच चकती घेऊन सुसाट आला. सिया गोल सोडून पुढे धावली. धावली कसली, घसरली, आणि चकतीवर पालथी पडली. पडली ती उठेचना. पोरं काठ्या खुपसतायत, ही हलत नाही. रेफरी वाकून म्हणाला, "मिस, आता ती मला दे." सगळा रिंक हसला. मी उभी राहिले. पलीकडे नीना उभी राहिली, आणि तिच्या मागच्या रांगेत मॅग्नस. दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग मॅग्नस पुढे वाकून नीनाला स्वीडिशमध्ये काहीतरी म्हणाले, तिने मागे वळून दोन शब्दांत उत्तर दिलं. वर्षभरात पहिल्यांदा. वन्सं, तुम्ही आशेने वाचत असाल तर सांगते, मॅचनंतर दोघं आपापल्या गाडीने गेले. पण बोलले.

सिया हेल्मेट काढून आली. केस घामाने चिकटलेले, डोळे कोरडे. म्हणाली, "आजी, अकरा गोल गेली. पण एक मी थांबवली." मी तिचं व्याकरण सुधारलं नाही. मग ह्यांनी विचारलं, "मोठी झालीस की कुणाकडून खेळणार? स्वीडन, इंग्लंड, की इंडिया?" पोरीने ह्यांच्याकडे असं बघितलं जसं काही ह्यांनाच काही कळत नाही. "मिल्टन कीन्स, ऑफ कोर्स."

वन्सं, तीनशे राउंडअबाउटचे चौक आणि शोभेला सिमेंटच्या गाई असलेलं हे गाव. तीस वर्षं इथे राहून मला कधी ह्याचा अभिमान वाटला नव्हता. काल रिंकबाहेर आले तर डोळे भरून आले.

चार नोव्हेंबरला परतीची मॅच आहे, पीटरबरोला. तुम्ही याल का?

अरुणा


एडिनबरा,
१२ ऑक्टोबर २००६

चि. अरुणास,
उदंड आशीर्वाद.

तिकिटं काढली. आम्ही तिघं येतोय. काइसा सियाला दात कसे सांभाळायचे ते दाखवणार आहे. तुमच्याकडून पीटरबरोला भालूची गाडी यशोधन चालवेल. मी काही करणार नाही, फक्त ओरडणार आहे.

पीटरबरो ॲटलसमध्ये बघितलं. नुसतं नकाशावर बघूनसुद्धा आगाऊ गाव वाटतं. काइसा म्हणाली, "आई, तुम्ही कधी तिथे गेला आहात?" मी म्हटलं, "जायची गरज नाही. त्या लोकांचा मला पूर्ण अभ्यास आहे."

त्या मिशीवाल्याचं नाव काय ते काढून ठेव. आणि लवकर पोचून पुढची रांग धर, त्या लाल कोटाच्या बरोब्बर समोर. आपल्या दोघींना पुरेल एवढी जागा ठेव.

तुझी,
शशीवन्सं